दोन कळश्या

आमच्या घरात समुद्र सगळ्यांत आधी कोणी पाहिला, यावर पुढं बरीच वर्षं वाद चालला. मोटारीत आम्ही पाच जण होतो. आबा, म्हणजे माझे वडील, पुढं बसले होते, म्हणून तो मान आपला असं त्यांचं म्हणणं. मोटार दाजी हाकत होते, तेव्हा नजर रस्त्यावर त्यांची. पण सासऱ्यासमोर जावई कशाला बोलतोय! खरं सांगायचं तर तो आधी मायला दिसला. ती म्हणाली, "कुणाचं रान हाय ओ हे, एवढं सपाट?" ते रान नाही हे कळल्यावर ती इतकी ओशाळली की पहिलेपणाचा हक्क तिनं कधी सांगितलाच नाही. मायच्या बाबतीत बरंच काही असंच झालं.

लढाईची वर्षं होती ती. आमचं खेडं मुरूम या बाजाराच्या गावाच्या अलीकडं, निजामाच्या मुलखात. आबा शेतकरी, पण गावात त्यांचा दरारा वेगळ्याच कारणासाठी होता. कुणाच्या लग्नात कोणाला आधी टिळा लावायचा, सुतकात कोणी कुठं बसायचं, व्याह्याला कितीदा 'जेवा' म्हणायचं, असलं काहीही अडलं की माणसं आबांकडं यायची. आबा डोळे मिटून ऐकून घ्यायचे आणि निकाल द्यायचे. त्यांच्या निकालावर अपील नव्हतं, अगदी हैद्राबादेतसुद्धा.

आमच्याकडं एक रीत आहे. लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापांनी तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. पुष्कळ घरांत ती वर्ष-दोन वर्षं चालते. मग पाळणा हलतो, आजा-आजी नातवाला बघायला येतात, पाणी पितात, जेवतात आणि रीत संपते. माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या घरी ती संपेचना. लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हलला नाही. दुसऱ्या एखाद्या बापानं हळूच तोंड ओलं केलं असतं आणि कुणी काही बोललं नसतं. पण आबांनी हीच रीत गावात दहा जणांना ठणकावून सांगितलेली. ती आता त्यांच्याच गळ्यात पडली होती.

आक्काचं सासर मुरूममध्येच. आबा बाजाराच्या दिवशी तिच्याकडं जायचे आणि ओट्यावर बसायचे. आक्का लख्ख घासलेला तांब्या भरून आणायची, त्यांच्यासमोर ठेवायची. आबा त्याच्याकडं बघून मान हलवायचे. मग गप्पा व्हायच्या, आणि जाताना ती तो भरलेला तांब्या तसाच आत न्यायची. मी परकर-पोलक्यातली होते, आबांबरोबर जायची. मला तिच्या घरचं चालायचं, धाकट्या बहिणीला ही रीत लागत नाही. मी दोन भाकरी खाऊन वर गूळ मागायची. पण तो तांब्या आत जाताना बघितला की मला आबांचा राग यायचा. तांब्या भरून ठेवायचं आक्कानं कधी चुकवलं नाही, आणि मान हलवायचं आबांनी.

दाजींची एक जुनी सर्व्हिस मोटार होती. मुरूमहून सोलापूरला माणसं, कोंबड्या, भुईमुगाची पोती, जे मिळेल ते न्यायची. त्या वर्षी मायनं ठरवलं की आक्कासाठी कोल्हापूरच्या देवीला नवस बोलायचा. तुळजापूरची आई घरचीच, पण तिच्या कानावर घालून घालून माय थकली होती. आता दुसऱ्या दरबारी अर्ज करून बघायचा. दाजी म्हणाले, आपली मोटार आहे, सगळेच जाऊ.

पेच इथंच पडला. जावयाच्या मोटारीत बसणं म्हणजे लेकीच्या घरी राहणं होतं का? आबांनी डोळे मिटले आणि निकाल दिला. "मोटार म्हंजी घर न्हाय. तिला उंबरा कुठं हाय? बसाया हरकत न्हाय. पाणी मातर आपलं आपलं."

म्हणून मोटारीत दोन कळश्या ठेवल्या. आमची तांब्याची, जुनी, एका बाजूनं चेपलेली. आक्काची पितळेची, लग्नातली. दोन्हींच्या तोंडाला फडकी बांधलेली, आणि एकमेकींना लागू नयेत म्हणून मध्ये माझे पाय.

सोलापूरच्या अलीकडं करोडगिरीचा नाका होता. निजामाच्या हद्दीतून काय बाहेर जातं ते तिथं तपासायचे. नाक्यावरच्या माणसानं दोन्ही फडकी सोडून आत बघितलं.

"इसमें क्या है?"

"पानी," दाजी म्हणाले.

"और इसमें?"

"पानी."

"दोनों में पानीच है तो एकच में डालो की. जगा कायकू अडाते?"

दाजींनी आबांकडं बोट दाखवलं. आबांनी त्या माणसाला आपल्या मोडक्यातोडक्या उर्दूत सगळी रीत समजावून सांगितली. त्यानं शांतपणे ऐकलं, आक्काकडं बघितलं, फडकी स्वतः पुन्हा बांधली आणि हात हलवून सोडलं. आक्का मात्र सोलापूर येईपर्यंत पाठ फिरवून बाहेरच बघत बसली. परक्या माणसासमोर आपल्या कुशीचा हिशोब मांडला गेला, हे तिला लागलं असणार. आबांच्या ते गावीही नव्हतं.

कोल्हापुरात देवीपुढं माय बराच वेळ उभी राहिली. काय बोलली कुणास ठाऊक, पण बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा काम झाल्यासारखा होता. देवीची ओटी भरून उरलेला एक खण तिनं कमरेला खोचला होता.

परतायच्या वेळी पेट्रोल संपलं. लढाईमुळं पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं आणि आमच्या मुलखातली चिठ्ठी तिथं चालत नव्हती. दाजी दिवसभर हिंडले. शेवटी एका गुळाच्या व्यापाऱ्यानं तोड काढली. त्याचे गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, रत्नागिरीला पोचवायच्या होत्या. तेवढं काम केलं तर जायचं-यायचं आणि वर घरी पोचायचं पेट्रोल तो देणार होता.

"रत्नागिरी कुठं हाय, पावणं?" आबांनी विचारलं.

"खाली हाय, मामा. घाट उतरून."

"खाली म्हंजी किती खाली?"

"समुद्र लागंस्तवर," दाजी म्हणाले.

अशा रीतीनं आम्ही समुद्राकडं निघालो. कुणाच्या मनात नव्हतं, कुणी नवस केला नव्हता. मागं गुळाचे रवे गोणपाटात बांधलेले, त्यांच्यावर माश्या आणि माश्यांच्या पलीकडं आम्ही तिघी.

घाट उतरल्यावर रस्ता सरळ होईल असं वाटलं होतं, पण कोकणात रस्ता सरळ असणं बहुधा पाप समजतात. वर चढायचं, खाली उतरायचं, लाल मातीत धडधडायचं. उन्हाळा नुकता तापायला लागलेला. एका चढावर इंजिनातून वाफ निघाली. दाजींनी मोटार काजूच्या झाडांखाली घेतली. याच ठिकाणी मायला ते सपाट रान दिसलं. आम्ही सगळे बघत राहिलो. माझं म्हणाल तर मला भीती वाटली. एवढं पाणी एका जागी असणं मला बरोबर वाटेना. आमच्याकडं घागरीमागं भांडणं होतात.

इंजिन जरा निवल्यावर दाजी म्हणाले, रेडिएटरमध्ये पाणी ओतावं लागेल. आक्का आपली कळशी उचलायला गेली. आबांनी हात आडवा केला.

"तुमची ऱ्हाव द्या. आमची वता."

"मामा, मोटार आमचीच हाय की."

"मोटार तुमची, पर बसलाव आमी. आमच्या वजनानं तापली ती."

आबांच्या तर्कापुढं कुणाचं काय चालणार! आमची कळशी रेडिएटरमध्ये रिती झाली. दाजींनी खाली वाकून बघितलं तर एक रबरी नळी फाटलेली, आणि आमचं सगळं पाणी लाल मातीत जिरत चाललेलं. आबा त्या ओल्या डागाकडं बघत उभे राहिले. दाजींनी जुन्या ट्यूबची पट्टी कापून नळीला गुंडाळायला घेतली. त्याला वेळ लागणार होता. जवळपास घर नव्हतं, माणूस नव्हतं. उरलेलं गोडं पाणी म्हणजे आक्काची कळशी, आणि त्यातलंही बरंचसं पुन्हा रेडिएटरला लागणार होतं.

"चला, तंवर खाली जाऊन बघू," आबा म्हणाले. आक्कानं कळशीतून तांब्या भरून बरोबर घेतला. आबांनी तो बघितला आणि पुढं चालायला लागले.

वाळूत चालायचं कसं हे आम्हाला माहीत नव्हतं. पाय रुतत होते आणि भाजत होते. पाण्यापाशी पोचल्यावर मायनं कमरेच्या पिशवीतून हळद-कुंकू काढलं. "गंगा काय नि समुद्र काय, पाणीच की," म्हणाली. तिनं लाटेला हळद-कुंकू वाहिलं आणि कोल्हापूरचा तो खण पाण्यात सोडला. लाट मागं गेली, पुढं आली, आणि खण आक्काच्या पायांत आणून टाकला. मायनं तो पुन्हा सोडला. पुन्हा तेच झालं.

"नगं म्हणायलंय ते," आबा म्हणाले.

माय त्यांच्याकडं वळलीसुद्धा नाही. तिनं तो निथळता खण उचलला आणि आक्काच्या पदरात घातला. "समुद्रानं तुझी वटी भरली, बाई," ती म्हणाली. आक्का मान खाली घालून उभी राहिली. तो ओला खण तिला जड झाल्यासारखा दिसला.

आबांना तहान लागली होती. सकाळपासून लागलीच असणार, पण आता ती चेहऱ्यावर दिसायला लागली. ओठांवरून जीभ फिरवत ते लाटांकडं बघत होते.

समुद्राचं पाणी खारं असतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण 'खारं' म्हणजे काय, याचं आमचं माप वेगळं होतं. आमच्या गावात दोन आड होते, एक गोडा आणि एक खारा. उन्हाळ्यात गोडा आटला की सगळं गाव खाऱ्यावर यायचं. त्या पाण्यात डाळ शिजायची नाही, चहा फाटायचा, पण माणूस प्यायचा आणि जगायचा. त्यामुळं जगात जेवढं खारं पाणी आहे ते आमच्या आडासारखंच असणार, अशी आमची समजूत होती. परगावचा पाहुणा आमचं पाणी पिऊन तोंड वाकडं करी तेव्हा आबांना अभिमान वाटायचा.

"आमी खारं पिऊनच वाढलाव," ते म्हणाले. धोतर सावरून गुडघाभर आत गेले, ओंजळ भरली आणि पिऊन टाकली.

त्यांची पाठ आमच्याकडं होती. ती पाठ एकदम ताठ झाली. आता दुसरा कुणी असता तर थुंकला असता. पण मागं लेक उभी, हातात भरलेला तांब्या घेऊन. आबांनी दुसरी ओंजळ भरली आणि तीही प्यायली. मला वाटतं, माझ्या बापाइतका हट्टी माणूस त्या किनाऱ्यावर त्याआधी कधी आला नसेल.

परत येताना ते अर्ध्यात थांबले, वाळूत बसले आणि जे काही पोटात होतं ते सगळं ओकले. पाठोपाठ आणखी ओकले. मग डोकं धरून तसेच बसून राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठ पांढरे पडले होते. मी घाबरून रडायला लागले.

आक्का त्यांच्यासमोर वाळूत बसली. तांब्या पुढं केला.

"आबा, पाणी घ्या."

आबांनी मान हलवली. ओट्यावर हलवायचे तशीच.

"घ्या, आबा."

"नगं गं," माय मागून म्हणाली. "आत्ता तर नवस बोललाव. आत्ता तर पदरात पडलंय. त्येंनी तोंड लावलं तर आपणच आस सोडल्यावानी व्हईल की."

आक्का मायकडं बघत नव्हती. ती आबांकडंच बघत होती.

"आणि न्हाय झालं मूल, तर?" ती म्हणाली. "मग मरस्तवर माझ्या दारात तहानलेच बसणार का, आबा, तुमी?"

आमच्या घरात हे वाक्य तोवर कुणी उच्चारलं नव्हतं. नवस झाले, उपास झाले, वैद्य झाले. सगळ्यांत 'होईल तेव्हा' होतं. 'नाही झालं तर' असं काही असतं, हे त्या दिवशी त्या वाळूत पहिल्यांदा बोललं गेलं, आणि ते आक्काच बोलली. दाजी वर मोटारीपाशी होते, त्यांना ऐकू गेलं नाही हे बरं झालं.

आबा तिच्याकडं बघत राहिले. नेहमीसारखे डोळे मात्र मिटले नाहीत. मग त्यांनी दोन्ही हात पुढं केले, तांब्या घेतला आणि तोंडाला लावला. वरून धार धरून प्यायचं भानही त्यांना राहिलं नाही. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मिशा पुसल्या. तांब्या आक्काच्या हातात परत दिला आणि म्हणाले,

"आणखी हाय का?"

आक्का एकदम रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. ती तशीच वर पळत गेली, वाळूत दोनदा पडली आणि तांब्या पुन्हा भरून आणला. इतकी आनंदात मी तिला पूर्वी पाहिली नव्हती. मलाही फार बरं वाटलं. आबांनी दुसरा तांब्या अर्धा पिऊन तिच्याकडं दिला. ती तो मायकडं घेऊन गेली.

"घे, माय. आता आबाच प्यालेत."

मायच्या गालात काहीतरी होतं. चिंचेचं बुटूक, प्रवासात ती नेहमी जवळ बाळगायची. तिनं मान हलवली.

"मला न्हाय तहान," ती म्हणाली.

कुणी आग्रह केला नाही. आम्ही सगळे आबांच्या भोवती होतो. त्यांना उठवून, आधार देऊन वर नेलं. दाजींची नळी बांधून झाली होती, आक्काच्या कळशीतलं राहिलेलं पाणी रेडिएटरमध्ये गेलं, आणि या वेळी आबांनी काही हरकत घेतली नाही. मोटार निघाली. आबा डोळे मिटून बसले होते. मधूनच म्हणायचे, "पाणी न्हवं ते, लोणचं हाय," आणि दाजी स्टिअरिंग घट्ट धरून हसत सुटायचे.

दिवस कलता कलता एक वस्ती लागली. नारळाची झाडं, एक विहीर, आणि विहिरीवर पाणी ओढणारी एक बाई. मोटार पुरती थांबायच्या आधी माय खाली उतरली. तिनं त्या बाईपुढं ओंजळ धरली. बाई ओतत राहिली, माय पीत राहिली. पोहरा संपला, बाईनं दुसरा ओढला. माय पुन्हा ओंजळ धरून वाकली. त्या बाईनं माझ्याकडं बघितलं, मी मायकडं. मोटारीतून बाकी कुणी बघत नव्हतं. आबा दाजींना खाऱ्या आडाची महती सांगत होते.

त्या दिवसानंतर आबांनी जाहीरच केलं की रीत माणसासाठी असते. बाजाराच्या दिवशी आक्काच्या ओट्यावर पाय ठेवायच्या आधीच ते मोठ्यानं ओरडायचे, "पाणी आण गं!" शेजारपाजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून. कुणी खवचटपणे विचारलंच, तर समुद्राची गोष्ट सांगायचे. ओकल्याचं तर रंगवून रंगवून सांगायचे, स्वतःच हसायचे. त्यांचं धाडस मला आजही मोठं वाटतं. गावाला शिकवलेली रीत गावासमोर मोडणं सोपं नसतं.

माय आक्काकडं जाताना आपली चेपलेली कळशी घेऊन जायची.

सुरुवातीला आक्काला त्याचा फार राग यायचा. "आबांनी सोडलं, हिला काय झालंय?" ती माझ्यापाशी म्हणायची. तांब्या भरून मायपुढं आदळायची. माय तो हातानं बाजूला सारायची आणि आपल्या कळशीतलं पाणी प्यायची. निजाम गेला, नाके उठले, त्याचं हाली नाणं मोडीत निघालं. आबा गेले. मायची कळशी चालूच राहिली. आक्काला मूल झालं नाही. होण्याचं वय गेलं, केस पांढरे झाले, दाजी थकले. पुढं पुढं आक्का मायसमोर तांब्या ठेवीनाशी झाली. मला वाटलं, कंटाळली.

शेवटी शेवटी मायला विसर पडायला लागला. माझं नाव विसरायची, जेवली की नाही ते विसरायची. एकदा आम्ही दोघी बहिणी आक्काच्या स्वयंपाकघरात होतो आणि माय बाहेर ओट्यावर. शेजारची नवी सून आली होती. म्हातारीला तहान लागली असं बघून तिनं आक्काच्या माठातलं पाणी तांब्यात भरून मायच्या हातात दिलं. मायनं तो दोन्ही हातांनी तोंडापर्यंत नेला. तिला काही आठवत नव्हतं.

आक्कानं आतून ते बघितलं. हातातलं पीठ तसंच ठेवून ती धावली आणि मायच्या ओठांपासून तांब्या काढून घेतला.

"ते न्हवं, माय. ते आमचं हाय. तुझं हे."

सून बावरली. मीही चिडले. म्हटलं, "आक्के, आता कशाची रीत गं? पिऊ दे की तिला. तूच तर आबांना पाजलंस."

"आबांचं येगळं," आक्का म्हणाली. ती पिठाच्या हातांनी चेपलेल्या कळशीचं फडकं सोडत होती. "हिच्याबिगर माझ्या पाळण्याची वाट बघणारं दुसरं कोण हाय आता?"

मग तिनं मायच्या कळशीतलं पाणी तांब्यात ओतलं, मायच्या हातात दिलं, आणि तिचं पिऊन होईपर्यंत खालून आधार धरून बसली.